ज्या पाइपातून गॅस वाहत नाही, तोच पाइप का थरथरतो?

आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत. बसमध्ये किंवा लोकलमध्ये उभं राहून ऐकताना ते निसटतात, म्हणून सगळं इथे लिहून ठेवतोय. ऐकून झालं असेल तरी एकदा वाचा, कारण शेवटी माझ्याच एका चुकीचा हिशोब आहे.

रिक्षातून जाताना कधी सीएनजीच्या रांगेत अडकलाय? प्रवासी खाली उतरून बाजूला उभे, रिक्षा एकेक करून पुढे सरकतायत, आणि मागच्या शेडमधून एक सलग धडधड ऐकू येतेय. ती धडधड कंप्रेसरची. पाइपलाइनमधून आलेला गॅस तो टप्प्याटप्प्याने दाबत साधारण २५० बारपर्यंत नेतो, म्हणजे गाडीच्या टाकीत २०० बारने भरता येतो. तुलनेसाठी सांगतो, कारच्या टायरमध्ये साधारण २ बार हवा असते. आता विचार करा, अशा दाबाच्या पाइपांना सतत हादरे बसत असतील तर काय होईल?

मी बीटेक कॉम्प्युटरवाला. मशीनशी माझा संबंध कॉलेजच्या वर्कशॉपपुरताच होता. नोकरी लागली ती मशीनच्या कंपनांचा डेटा गोळा करून डॅशबोर्डवर दाखवणाऱ्या टीममध्ये. पहिल्या वर्षी माझ्याकडे एक सीएनजी स्टेशन आलं. तिथला कंप्रेसर गॅस इंजिनावर चालायचा. दिवसा ९०० आरपीएम, आणि रात्री दहानंतर गर्दी ओसरली की ७५० आरपीएम.

तिथल्या ऑपरेटर काकांचा एके दिवशी फोन आला. "साहेब, दहानंतर तो मागचा पाइप गुणगुणतो. आणि गंमत म्हणजे त्यातून गॅस जातच नाही."

मी डॅशबोर्ड उघडला. सगळं हिरवं. म्हटलं, "काका, रीडिंग तर नॉर्मल आहे."

"तुमचं हिरवं असेल हो. पण एकदा रात्री येऊन ऐका तरी."

मी गेलो नाही. ते का चुकलं, हे समजायला आधी थोडं विज्ञान बघू.

ठोका येतो कुठून?

सायकलचा पंप आठवा. दांडा खाली दाबला की हवा जाते, वर ओढला की थांबते. हवा धारेसारखी जात नाही, ठोक्याठोक्याने जाते. सीएनजी स्टेशनवरचा कंप्रेसर याच जातीचा: सिलिंडर, पिस्टन, व्हॉल्व्ह. याला रेसिप्रोकेटिंग कंप्रेसर म्हणतात. फरक एवढाच की बऱ्याच मशीनमध्ये पिस्टन जातानाही गॅस दाबतो आणि येतानाही. म्हणजे एका फेऱ्यात दोन ठोके.

हिशोब सोपा आहे. ७५० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२.५ फेरे. प्रत्येक फेऱ्यात दोन ठोके, म्हणजे सेकंदाला २५ ठोके, म्हणजेच २५ हर्ट्झ. ९०० आरपीएमला तेच ३० हर्ट्झ होतात. गॅस सोडणाऱ्या बाजूला जसे ठोके, तसेच गॅस ओढणाऱ्या बाजूलाही. दाबाच्या या चढउताराला पल्सेशन म्हणतात. यांच्या पटीतल्या वारंवारताही असतात, ५०, ७५ वगैरे, पण बहुतेक वेळा त्या कमी जोराच्या.

पल्सेशन पूर्णपणे टाळता येत नाही. पिस्टन आहे म्हणजे ठोका आहे. प्रश्न असा की पुढे पाइपात जाऊन तो ठोका विरतो की वाढतो.

पाइप म्हणजे बासरीच

आपल्याला वाटतं, पाइपात गॅस फक्त पुढे वाहतो. पण दाबाचा ठोका ही एक लाट असते, आणि ती गॅसमधून आवाजाच्या वेगाने धावते. मिथेनमध्ये हा वेग नेहमीच्या तापमानाला साधारण ४५० मीटर प्रति सेकंद. ही लाट बंद टोकावर आदळली की परत फिरते. परत आलेली लाट आणि नवा ठोका यांची वेळ नेमकी जुळली, की प्रत्येक फेरीला जोर वाढत जातो. झोक्याला योग्य क्षणी हलका धक्का देत राहिलं की झोका उंच जातो, तसंच. हाच रेझोनन्स, शाळेच्या पुस्तकातला अनुनाद.

एक टोक उघडं आणि एक बंद अशा नळीची मुख्य वारंवारता काढायला एकच सूत्र लागतं: आवाजाचा वेग भागिले चारपट लांबी. घरी करून बघा. ३४ सेंटिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, खालचं टोक तळहाताने बंद करा, वरच्या कडेवरून फुंकर मारा आणि फोनमधलं ट्यूनर ॲप चालू ठेवा. हवेत आवाजाचा वेग साधारण ३४५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे उत्तर २५० हर्ट्झच्या आसपास यायला हवं. पाइप कापून छोटा केला की सूर चढतो.

आता काकांचा पाइप. पुढेमागे दुसरा कंप्रेसर जोडता यावा म्हणून सक्शनच्या मुख्य पाइपाला एक फांदी काढून ठेवली होती. लांबी ४.५ मीटर, मधे एक काटकोनी वळण, टोकाला झाकणासारखी ब्लाइंड फ्लँज, आणि टोकाजवळ एक प्रेशर गेज. ४५० भागिले १८ म्हणजे २५ हर्ट्झ.

रात्री दहानंतरचा ठोका किती होता? तोही २५ हर्ट्झ.

त्या फांदीतून गॅस वाहत नव्हता हे खरं. पण लाट आत जात होती, बंद टोकावरून परत येत होती, आणि टोकापाशी दाबाचा चढउतार सर्वात जास्त होता.

दाब बदलला तर पाइप का हलतो?

सरळ पाइपात दाब कमीजास्त झाला तर भिंतींवर चारी बाजूंनी सारखाच जोर येतो, पाइप कुठे सरकत नाही. गडबड होते ती वळणावर आणि बंद टोकावर. तिथे गॅस एका दिशेने ढकलतो. पाइपाच्या दोन टोकांवरचा दाब एकाच वेळी सारखा नसला, की उरलेला जोर पाइपाला हलवतो.

आतून १०० मिलिमीटर व्यासाचा पाइप घेऊ. त्याचं क्षेत्रफळ साधारण ०.००७८५ चौरस मीटर. त्यावर दाबाचा चढउतार फक्त १ बार धरा. जोर येतो सुमारे ७८५ न्यूटन, म्हणजे ८० किलो वजनाचा माणूस. तो माणूस पाइपाला सेकंदाला २५ वेळा पुढे ढकलतोय आणि मागे ओढतोय. पाइपातला एकूण दाब कितीही असो, हलवण्याचं काम त्यातला बदलणारा भाग करतो.

इथे दुसरा रेझोनन्स येतो. गॅसची जशी वारंवारता असते, तशी स्टीलच्या पाइपाचीही असते. पट्टी टेबलाच्या कडेला दाबून टिचकी मारली की ती ठरावीक वेगाने थरथरते ना, तशी. पाइपाची लांबी, जाडी, वजन आणि आधार कुठे आहेत यावर ती ठरते. गॅसचा ठोका आणि स्टीलची वारंवारता जवळ आली की थोड्या जोरानेही पाइप खूप हलतो.

आधार दिला आणि वाढलं

काकांनी तक्रार लावून धरली, तेव्हा स्टेशनवाल्यांनी आपल्यापैकी कुणीही केलं असतं तेच केलं. पाइप हलतोय ना, मग बांधा. एका लोखंडी अँगलचा आधार उभा केला, यू-बोल्ट आवळला. दुपारी हात लावून बघितलं, बरं वाटलं, काम पूर्ण म्हणून सही झाली.

पुढे सव्वा महिन्यात एका रात्री गॅस डिटेक्टर वाजला आणि मशीन आपोआप बंद पडलं. गेजची अर्धा इंची नळी जिथे मुख्य पाइपाला वेल्ड केली होती, तिथे केसाएवढी चीर गेली होती. काका शेडमध्येच होते. कुणाला काही झालं नाही, पण त्या शेडमध्ये त्या वेळी एखादी ठिणगी पडली असती, तर हा भाग मी वेगळ्या आवाजात सांगितला असता.

नंतर कंपनांचे एक तज्ज्ञ आले. त्यांनी मशीन बंद असताना पाइपावर हातोडीने टोला दिला आणि सेन्सरवर तो कितीने थरथरतो ते पाहिलं. नवा आधार काढून टोला दिला तर २१ हर्ट्झ. आधार लावून टोला दिला तर २६ हर्ट्झ.

म्हणजे आधाराने पाइप ताठ झाला होता, हे खरं. पण ताठ होऊन तो २१ वरून नेमका रात्रीच्या २५ च्या शेजारी येऊन बसला. आधी फक्त गॅसचा रेझोनन्स होता, आता स्टीलचाही जुळला. उपाय म्हणून केलेल्या कामानेच हादरे वाढले.

मग मोठा पाइप सोडून छोटी नळीच का तडकली? कारण गेज आणि त्याचा व्हॉल्व्ह हे वजन बारीक नळीच्या टोकाला लटकत होतं. खालचा पाइप हलला की वरचं वजन डोलतं, आणि सगळा ताण वेल्डपाशी येतो. तार उलटसुलट वाकवत राहिलं की शेवटी तुटते. धातूच्या या थकण्याला फटीग म्हणतात. २५ हर्ट्झने रोज तीन तास म्हणजे रात्रीला २ लाख ७० हजार हेलकावे. ३७ रात्रींत एक कोटी. वेल्डमधल्या बारीकशा दोषातून चीर वाढायला एवढे हेलकावे पुरतात.

मग करायचं काय?

उपायांना एक क्रम असतो: आधी ठोका कमी करायचा, मग लाटेची लांबी बिघडवायची, आणि मग पाइप बांधायचा. काकांच्या स्टेशनवर आधी बांधलं, आणि बाकी काही बघितलंच नाही.

पहिलं, ठोका उगमापाशीच मऊ करायचा. पेटी वाजवणाऱ्याचा हात भाता थांबून थांबून मारतो, पण सूर तुटत नाही. कारण पेटीच्या पोटात स्प्रिंगने दाबलेला आणखी एक भाता असतो, तो हवा साठवून सारखी सोडत राहतो. कंप्रेसरच्या सिलिंडरला अगदी चिकटून एक जाड टाकी लावतात, ती हेच करते. तिला पल्सेशन बॉटल म्हणतात. टाकी स्टीलची, ती फुगत नाही, पण आतला गॅसच स्प्रिंगसारखा दबतो आणि सुटतो. अजून चांगलं हवं असेल तर दोन टाक्या आणि मधे एक अरुंद नळी. ऑडिओमध्ये लो-पास फिल्टर वापरला असेल तर हे ओळखीचं वाटेल: जलद चढउतार अडतात, सरळ प्रवाह पुढे जातो.

ही तुलना नुसती समजुतीची नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेत टेक्सासमधल्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटने सदर्न गॅस असोसिएशनसाठी पाइपांचं मॉडेल विजेच्या सर्किटमधून बनवलं होतं. दाबाच्या जागी व्होल्टेज, गॅसच्या प्रवाहाच्या जागी करंट, टाकीच्या जागी कपॅसिटर, लांब नळीतल्या गॅसच्या जडपणाच्या जागी कॉइल. पाइप बसवण्याआधी तारा जोडून बघायच्या. आज तेच काम आपला कोड करतो.

दुसरं, ऑरिफिस प्लेट. दोन फ्लँजच्या मधे छोट्या भोकाची चकती. लाटेबरोबर गॅस त्या भोकातून मागेपुढे घासला जातो आणि लाटेचा जोर खर्च होतो. पण याची किंमत आहे. मुख्य पाइपात ती लावली की दाब कायमचा थोडा पडतो, म्हणजे तेवढी ऊर्जा जास्त लागते. आणि जागा चुकली तर उपयोग शून्य. फांदीच्या बंद टोकाला गॅस मागेपुढे हलतच नाही, तिथे चकती लावून काय घासणार? ती फांदीच्या तोंडाशी हवी.

तिसरं, लांबी बदलणं. स्वस्त आणि मस्त उपाय. काकांच्या स्टेशनवर शेवटी हेच केलं. गॅस काढून, लाइन सुरक्षित करून ती फांदी कापली आणि १.२ मीटरवर आणली. आता तिची वारंवारता ४५० भागिले ४.८, म्हणजे सुमारे ९४ हर्ट्झ. २५ आणि ३० पासून पुष्कळ लांब. शिवाय पाइप आखूड झाल्यामुळे ताठही झाला. बांधणी तशीच ठेवून लांबी निम्मी केली तर स्टीलची वारंवारता साधारण चौपट होते.

चौथं, नीट बांधणं. क्लॅम्प हवा, नुसता टेकू नाही. टेकूवर ठेवलेला पाइप वर उचलला जाऊ शकतो, लटकवलेला पाइप बाजूला डोलतो. क्लॅम्प ज्यावर बसवायचा तो खांबही ताठ हवा, नाहीतर पाइप आणि खांब जोडीने नाचतात. आणि सगळीकडे आवळूनही चालत नाही, कारण गरम झालेला पाइप लांब होतो आणि त्याला जागा लागते.

किती ताठ म्हणजे पुरे? अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचं एपीआय ६१८ हे या जातीच्या कंप्रेसरसाठीचं मानक आहे. त्यातले दोन नियम लक्षात ठेवण्यासारखे. पाइपाची सर्वात खालची वारंवारता मशीनच्या कमाल वेगाच्या २.४ पटींपेक्षा वर हवी. आणि जोरदार ठोक्यांपासून किमान २० टक्के अंतर हवं. काकांच्या मशीनचा कमाल वेग ९०० आरपीएम, म्हणजे १५ हर्ट्झ. त्याच्या २.४ पट ३६. पाइप होता २६ वर. कागदावरच नापास. पण तो कागद कुणी मांडलाच नव्हता.

पाचवं, छोट्या नळ्या. नको असतील तर काढून टाका. हवी असेल तर आखूड आणि हलकी ठेवा. आणि बांधायची असेल तर ज्या पाइपातून ती निघते त्याच पाइपाला बांधा, जमिनीला किंवा भिंतीला नाही. पाइप हलतोय आणि नळी भिंतीला धरून ठेवलीय, तर ताण वेल्डवरच येणार. स्टेशनवर ते गेज फांदीवरून काढून दुसरीकडे हलवलं.

एक सांगून ठेवतो, दाबाखालच्या चालू लाइनचे बोल्ट आवळणं किंवा सोडणं हे "बघू करून" प्रकारचं काम नाही. ते लाइन सुरक्षित करून, परवानगी घेऊन, जाणत्या माणसाने करायचं.

आणि आता माझी चूक

सेन्सर त्याच फांदीवर होता. त्याने सगळं बरोबर मोजलं होतं. दिवसाचे २१ तास कंपन ६ मिलिमीटर प्रति सेकंद, रात्रीचे ३ तास ४०. आमची लाल रेघ १९ वर होती.

माझा डॅशबोर्ड दाखवत होता दिवसाची सरासरी. २१ गुणिले ६ म्हणजे १२६. ३ गुणिले ४० म्हणजे १२०. बेरीज २४६, भागिले २४, उत्तर सुमारे १०. हिरवं.

गणित अचूक होतं, कोडला बग नव्हता, सगळ्या टेस्ट पास होत्या. पण पाइपाला सरासरी कळत नाही. त्या वेल्डने रोज रात्री तीन तास ४० सोसले, आणि मी दिवसभराच्या शांततेत ते विरघळवून टाकले. स्टोरेज वाचवायचं म्हणून बारीक डेटा आठवड्याने पुसला जात होता, तोही माझाच निर्णय.

आता आम्ही तीन गोष्टी करतो. एक, प्रत्येक रीडिंगसोबत त्या क्षणाचा आरपीएम साठवतो, आणि वेगानुसार आलेख काढतो. कुठल्या वेगाला उसळी येते ते लगेच दिसतं. दोन, सरासरीसोबत कमाल आकडा दाखवतो, आणि लाल रेघेच्या वर किती वेळ गेला तेही. तीन, नुसता एक आकडा न ठेवता कुठल्या वारंवारतेला किती जोर आहे ते ठेवतो. ६ आणि ४० मधला फरक "जास्त" एवढाच कळतो, पण सगळा जोर २५ हर्ट्झवर आहे हे दिसलं की कारण शोधायला सुरुवात कुठून करायची तेही कळतं.

चौथी गोष्ट कोडमध्ये नाहीये. ऑपरेटर "गुणगुणतो" म्हणाला, तर ते आता तक्रार म्हणून नाही, रीडिंग म्हणून नोंदवतो: वेळ, मशीनचा वेग, नेमका कुठला पाइप. काकांच्या त्या एका वाक्यात तिन्ही होतं. दहानंतर, म्हणजे ७५० आरपीएम. मागचा, म्हणजे नेमका कुठला ते. आणि गॅस जात नाही, म्हणजे बंद टोक. अख्खं निदान त्यांनी फोनवर सांगितलं होतं.

दुरुस्तीनंतर मी एकदा रात्री साडेदहाला तिथे गेलो. तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो, त्यामुळे तुमच्यासाठी रेकॉर्डिंग नाही. इंजिनाचा वेग खाली आला, धडधड जड झाली. काका त्या कापलेल्या फांदीपाशी उभे होते.

"गुणगुणतो का हो काका?"

"नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही स्वतः ऐका."

या वेळी मी ऐकलं.

पीव्हीसी पाइपचा प्रयोग केलात तर किती सेंटिमीटरला किती हर्ट्झ आले ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!